चीवर, तुरुंग आणि घरची बोली: नेपाळच्या भिक्षूंनी भाषेसाठी काय सोसलं

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना धम्मदीक्षा कुणी दिली, हे महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कुशीनगरचे भदन्त चंद्रमणी महास्थविर. मूळचे ब्रह्मदेशातल्या अराकानचे, पण आयुष्य काढलं कुशीनगरला. तेव्हा ते ऐंशीचे होते. बाबासाहेबांनी त्यांच्याकडून पालीत त्रिशरण-पंचशील घेतलं आणि मग समोरच्या अफाट जनसमुदायाला बावीस प्रतिज्ञा मराठीतून दिल्या.

चंद्रमणींच्या आणखी काही शिष्यांची गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. हे शिष्य नेपाळचे. त्यांतल्या काहींना तुरुंगात टाकलं, काहींना देशाबाहेर काढलं. त्यांच्यावरच्या आरोपांची यादी काढली, तर तिच्यात एक कलम असं सापडतं की वाचताना आपण थबकतो: हे लोक आपल्या मातृभाषेत पुस्तकं लिहितात.

भिक्षूनं मातृभाषेत पुस्तक लिहिलं, तर सरकारचं काय बिघडतं? या लेखात तेवढंच समजून घेऊ. त्यासाठी एका माणसाचं चरित्र पुरत नाही, कारण ही लढाई तीन पिढ्यांच्या भिक्षूंनी एकमेकांच्या हाती दिली. महाप्रज्ञा, धम्मालोक, अमृतानंद आणि सर्वांत शेवटी भाषेसाठी तुरुंगात गेलेले सुदर्शन महास्थविर.

आधी एक घोळ निस्तरू. नेपाली आणि नेपालभाषा या दोन वेगळ्या भाषा आहेत. नेपाली ही आपल्या मराठी-हिंदीच्या गोतावळ्यातली. काठमांडूत उतरल्यावर दुकानांच्या पाट्या वाचता वाचता आपल्याला अर्धंअधिक कळतं, ते त्यामुळेच. नेपालभाषा लिहितात त्याच देवनागरीत, पण अक्षरं वाचता आली तरी अर्थ लागत नाही. 'लः' म्हणजे पाणी. 'जा' म्हणजे भात. 'छेँ' म्हणजे घर. भेटल्यावर विचारतात, "जा नये धुन ला?" म्हणजे जेवण झालं का? मोजायची रीतही निराळी. वस्तू मोजायच्या तर छगू, निगू, स्वंगू. माणसं मोजायची तर छम्ह, निम्ह, स्वम्ह. ही भाषा तिबेटी-बर्मी कुळातली. शेकडो वर्षांच्या शेजारामुळे संस्कृत शब्द भरपूर आले, पण हाडापेराची ठेवण वेगळीच राहिली. एक शब्द तेवढा हुबेहूब आपला वाटतो: 'व'. त्यांच्याकडेही 'व' म्हणजे आणि.

ही भाषा बोलणारे ते नेवार, काठमांडू खोऱ्याचे मूळ रहिवासी. पूर्वी 'नेपाल' हे नावच मुळी या खोऱ्याचं होतं, म्हणून खोऱ्याची भाषा ती नेपालभाषा. तिच्यातला सर्वांत जुना तारखेचा लेख ललितपूरच्या उकुबहालमधला, ताडपत्रावरचा, इ. स. १११४ चा. १७६८ मध्ये गोरखाच्या पृथ्वीनारायण शाहानं खोरं जिंकलं. त्यानंतर देशाचं नाव नेपाळ झालं, आणि पुढे विसाव्या शतकात राज्यकर्त्यांच्या गोरखाली भाषेला 'नेपाली' हे नाव मिळालं. घर तुमचं आणि दारावरची पाटी दुसऱ्याची, असा तो प्रकार. म्हणूनच आजही अनेक नेवारांना आपल्या भाषेला कुणी 'नेवारी' म्हटलेलं रुचत नाही. नाव परत हवं, हासुद्धा त्यांच्या लढ्याचा एक भाग आहे.

राणा घराण्यानं १८४६ ते १९५१ अशी शंभरावर वर्षं नेपाळवर सत्ता गाजवली. राजा नावापुरता, कारभार वंशपरंपरेच्या पंतप्रधानांचा. त्यांनी नेपालभाषेची नाडी कागदावरून आवळली. १९०६ मध्ये फर्मान निघालं, की या भाषेत लिहिलेले कायदेशीर दस्त ग्राह्य धरले जाणार नाहीत. वरवर पाहिलं तर साधी कारकुनी बाब. पण ज्या भाषेत जमिनीचा कागद चालत नाही, कर्जाची चिठ्ठी चालत नाही, ती भाषा पोराला लिहायला शिकवायची कशाला, असं बाप म्हणू लागतो. भाषेवर उघड बंदी घालण्याची गरजच उरत नाही.

आता धर्माकडे येऊ. इथे आणखी एक गुंता आहे आणि तो सोडवल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नेवारांतले बरेच जण पिढ्यान्‌पिढ्या बौद्धच. पण त्यांच्यात भिक्षू नव्हते! काठमांडू आणि ललितपूरमध्ये जागोजागी 'बहाल' आहेत, म्हणजे विहार. मधे चौक, चौकात चैत्य, भोवती खोल्या. पूर्वी तिथे ब्रह्मचारी भिक्षू राहत. मध्ययुगात कधीतरी ते संसारी झाले, आणि त्यांचे वंशज म्हणजे शाक्य आणि वज्राचार्य या जाती. भिक्षुपद जन्मानं मिळू लागलं. त्याची खूण एका संस्कारात अजून दिसते. शाक्य किंवा वज्राचार्य घरातल्या मुलाचं मुंडन करतात, अंगावर चीवर चढवतात, हातात भिक्षापात्र देतात. काही दिवस तो चिमुरडा भिक्षू म्हणून राहतो, घरोघरी तांदूळ मागतो, आयाबाया कौतुकानं त्याचं पात्र भरतात. चौथ्या दिवशी तो गुरूला सांगतो, की हे व्रत मला झेपणारं नाही. चीवर उतरवतो आणि घरी जातो. आपल्याकडच्या मुंजीत बटू काशीला निघतो आणि मामा त्याला अडवून परत आणतो, साधारण त्याच जातीची गोष्ट.

पुरोहित वज्राचार्य पूजा सांगत, मंत्र संस्कृतात. घरचे लोक हात जोडून बसत. अर्थ विचारायची रीत नव्हती आणि कित्येक विधी गुप्तच असत. आपले धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या शोधात गोव्यातून निघाले आणि वाटेत १९०२ मध्ये काठमांडूलाही पोचले होते. बुद्धाच्या जन्मभूमीत बुद्धाचा धर्म जिवंत भेटेल, ही त्यांची आशा. निराश होऊन परतले, आणि मग सिंहलद्वीपात जाऊन त्यांनी दीक्षा घेतली.

पुढच्या पिढीतल्या नेवार तरुणांना तीच तहान लागली.

त्यांतला एक प्रेमबहादुर श्रेष्ठ. जन्म १९०१, काठमांडूचा, कविता करणारा, भजनं गाणारा. घराणं हिंदू. १९२५ च्या सुमारास काठमांडूत चेरिंग नोर्बू नावाचा तिबेटी लामा आला होता. त्याच्या प्रवचनांनी भारून जाऊन प्रेमबहादुर आणि काही मित्रांनी तिबेटी परंपरेत प्रव्रज्या, म्हणजे संन्यासदीक्षा घेतली. हे नेवार भिक्षू शहरात भिक्षा मागत हिंडू लागले, तशी सरकारची झोप उडाली. नेपाळात तेव्हा माणसाचा धर्म जन्मानं ठरे आणि हिंदूनं धर्म सोडणं हा गुन्हा होता. प्रेमबहादुर तर जन्मानं हिंदू. १९२६ मध्ये राणा पंतप्रधान चंद्र शमशेरच्या सरकारनं पाच नेवार भिक्षूंना आणि त्यांच्या लामा गुरूला पकडलं आणि हद्दपार केलं.

प्रेमबहादुर फिरत फिरत कुशीनगरला पोचले. १९२८ मध्ये चंद्रमणींनी त्यांना श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू केलं. नाव मिळालं महाप्रज्ञा. कुशीनगर नेपाळच्या सीमेपासून फार दूर नाही. पुढची काही वर्षं नेपाळमधून निसटून येणाऱ्या नेवार तरुणांसाठी, आणि तरुणींसाठीही, ते जवळजवळ माहेरच झालं. १९३० मध्ये त्यांच्यातलेच कर्मशील काठमांडूत पिवळं चीवर नेसून उघड फिरले. पुढे ते प्रज्ञानंद महास्थविर म्हणून ओळखले गेले. चौदाव्या शतकानंतर थेरवादी, म्हणजे पालीच्या परंपरेतला भिक्षू त्या गल्ल्यांत दिसला तो तेव्हा. म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही असं काही पाहिलेलं नव्हतं. चार दिवसांनी चीवर न उतरवणारा भिक्षू!

हे नवे भिक्षू करत काय होते? सुत्त, म्हणजे बुद्धाचा उपदेश, म्हणायचे पालीत आणि लगेच त्याचा अर्थ सांगायचे नेपालभाषेत. बस्स, एवढंच. पण ज्या बायकांनी जन्मभर मंत्र नुसते कानांवरून जाऊ दिले होते, त्यांना पहिल्यांदा कळलं की यात काहीतरी सांगितलंय, आणि ते आपल्याला सांगितलंय. स्वयंभू टेकडीजवळच्या किंडोल विहारात गर्दी होऊ लागली. महाप्रज्ञा कवी होते, त्यांनी धर्मावर नेपालभाषेत गाणी आणि पुस्तकं लिहिली. 'ललितविस्तर' म्हणजे बुद्धाचं चरित्र, तेही त्यांनी नेपालभाषेत आणलं. ज्ञानमाला नावाची भजनमंडळी निघाली आणि बुद्धाची भजनं लोकांच्या बोलीत गाऊ लागली. तबला-पेटीवर बसलेली माणसं, समोर वही, पहाटेची वेळ. आपल्याकडच्या काकड आरतीला बसलेल्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

यात एक मजा आहे. पाली ही काही नेवारांची भाषा नाही, म्हणजे संस्कृत गेलं आणि तितकीच परकी पाली आली, असं कुणी म्हणेल. पण भिक्षूंना आधार होता तो खुद्द विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथांचा. त्यांतल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. दोन ब्राह्मण भाऊ भिक्षू झालेले. ते बुद्धाकडे तक्रार घेऊन येतात, की नाना कुळांतले, नाना प्रांतांतले लोक संघात आलेत आणि आपापल्या बोलीत तुमचं वचन बिघडवतात, तर आम्ही ते छंदात, म्हणजे वेदांच्या भारदस्त भाषेत घालू का? बुद्ध त्यांची कानउघाडणी करतो आणि सांगतो, बुद्धवचन 'सकाय निरुत्तिया' शिकावं. सकाय म्हणजे स्वतःच्या. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषानं त्याचा अर्थ लावला, बुद्धाच्या स्वतःच्या, म्हणजे मागधीत. आजचे बरेच अभ्यासक म्हणतात, शिकणाऱ्याच्या स्वतःच्या बोलीत. मला विचाराल तर तक्रारच जर 'लोक आपापल्या बोलीत म्हणतात' ही असेल आणि बुद्धानं तक्रार करणाऱ्यालाच झापलं असेल, तर दुसरा अर्थ जास्त पटतो. व्याकरणाचा निकाल काहीही लागो, काठमांडूच्या भिक्षूंनी जगून दाखवला तो दुसराच अर्थ.

भाषेचं काम फक्त भिक्षूंनी केलं असं नाही. ललितपूरचे जगतमान वैद्य कलकत्त्याला शिकायला गेले, तिथे अनागारिक धर्मपालांच्या महाबोधी सोसायटीच्या संगतीत आले आणि धर्मादित्य धर्माचार्य झाले. १९२५ मध्ये त्यांनी कलकत्त्याहून नेपालभाषेतलं पहिलं मासिक काढलं. त्याचं नावच 'बुद्ध धर्म व नेपाल भाषा'. धर्म आणि भाषा एका 'व'नं जोडलेली. नेपाळात छापायची सोय नव्हती, कारण पुस्तक छापायचं तर सरकारची परवानगी लागे आणि या भाषेला ती मिळत नसे. म्हणून छपाई काशीला किंवा कलकत्त्याला, आणि मग गठ्ठे डोंगर ओलांडून आत.

या सगळ्याला पैसा कुठून आला, हा प्रश्न चळवळींच्या इतिहासात बरेचदा राहूनच जातो. इथे उत्तर आहे ल्हासा. नेवार व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या तिबेटात दुकानं थाटून होते. विसाव्या शतकात तिबेटी लोकरीचा व्यापार कालिंपोंगवरून चाले, आणि तिथेही नेवारांच्या पेढ्या होत्या. ब्रिटिश हद्दीत असल्यामुळे राणांचा हात तिथवर पोचत नसे. भाषेचे कवी काठमांडूत तुरुंगात आणि भाषेचे दाते कालिंपोंगात गादीवर, असा जोड जमला. धम्मालोक महास्थविर स्वतः याच वर्गातले. पूर्वाश्रमीचे दासरत्न तुलाधर, काठमांडूच्या असन बाजारातले, ल्हासाला व्यापार केलेले. पत्नी गेल्यावर मन संसारातून उडालं. मुलगा गजरत्न आधीच धर्माकडे ओढला गेला होता. तो झाला अनिरुद्ध, आणि बापानंही चीवर घेतलं. स्वयंभूच्या उतारावर आनंदकुटी विहार उभा राहिला तो धम्मालोकांमुळे.

अमृतानंद वयानं धाकटे, जन्म १९१८, नेपाळातल्या तानसेन गावचे. १९३७ मध्ये ते महाप्रज्ञांबरोबर पूर्व नेपाळातल्या भोजपूरला धर्म सांगायला गेले आणि दोघांनाही तुरुंगात घातलं. अमृतानंद तेव्हा विशीतही नव्हते.

१९४० नंतर राणांची पकड आणखी घट्ट झाली. लेखक-कवींची धरपकड झाली. चित्तधर हृदय यांना एका कवितेपायी तुरुंग झाला. कवितेचं नाव 'आई'. कवी आईच्या विरहात रडतोय, असं वरवर दिसे. सरकारला दिसलं, की ही आई म्हणजे मातृभाषा. सरकार काव्याचं चांगलं जाणकार होतं म्हणायचं! कोठडीत लिहायची मनाई होती. तिथेच हृदयांनी चोरून बुद्धाच्या जीवनावरचं महाकाव्य 'सुगत सौरभ' रचलं. कागदाचे कपटे बहिणीच्या मदतीनं बाहेर जात राहिले. ही बहीण मोतीलक्ष्मी, स्वतःही कवयित्री. महाकाव्य पुढे कलकत्त्याला छापलं गेलं.

मग आलं १९४४. पंतप्रधान जुद्ध शमशेर. भिक्षूंना बोलावून त्यांच्यापुढे कबुलीचा कागद ठेवला गेला, की धर्मप्रचार थांबवू आणि त्याबरोबरची बाकीची कामंही थांबवू. त्यांच्यावरचे आक्षेप असे होते: नवा धर्म शिकवतात, हिंदूंना बाटवतात, बायकांना संसार सोडायला लावतात आणि नेपालभाषेत पुस्तकं लिहितात. ही यादी जरा सावकाश वाचण्यासारखी आहे. धर्म, जात, बाई आणि भाषा. घराच्या उंबऱ्याआत जे जे सरकारला आपल्या मुठीत हवं होतं, त्या प्रत्येकाला या मूठभर भिक्षूंनी हात लावला होता. साध्या बोलीत धर्म सांगितला की तो बायकांपर्यंत पोचतो, बायकांपर्यंत पोचला की त्या प्रश्न विचारतात आणि वाचायला मागतात. वाचायला पुस्तक लागतं, पुस्तकाला छापखाना लागतो, छापखान्याला देणगीदार. भिक्षूंच्या प्रवचनातून भाषेचा वाचकवर्ग तयार होत होता. राणांना हे कळलं होतं, उगाच घाबरले नव्हते ते.

भिक्षूंनी सही केली नाही. ३० जुलै १९४४ ला आठ जणांना हुकूम मिळाला, तीन दिवसांत देश सोडा. प्रज्ञानंद आणि धम्मालोक त्यांत होते. ऐन पावसाळा. विनयाप्रमाणे पावसाळ्यात भिक्षूनं एका जागी राहायचं असतं. त्यात काठमांडूहून बाहेर पडायला मोटाररस्ता नव्हता. चंद्रागिरीची चढण, चिसापानी गढी, मग भीमफेदी, अशी पायवाट तुडवायची आणि तराईत उतरायचं, तो तेव्हाचा मार्ग.

हद्दपार झालेले स्वस्थ बसले नाहीत. ३० नोव्हेंबर १९४४ ला सारनाथला धर्मोदय सभा स्थापन झाली. अध्यक्ष चंद्रमणी महास्थविर, सरचिटणीस अमृतानंद. १९४६ मध्ये अमृतानंदांनी श्रीलंकेचे नारद महाथेर यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ काठमांडूला नेलं. परदेशी पाहुण्यांसमोर सरकार नरमलं आणि भिक्षूंना परतायची मुभा मिळाली. १९४७ मध्ये कालिंपोंगहून 'धर्मोदय' मासिक सुरू झालं. नाव धर्माचं, पण त्यात कथा, कविता, भाषेवरचे वाद, सगळं येई. नेपालभाषेच्या आधुनिक साहित्याची एक अख्खी पिढी या मासिकावर पोसली.

महाप्रज्ञांचं पुढे काय झालं? त्यांनी चीवर उतरवलं, कालिंपोंगला संसार केला आणि उत्तरायुष्यात 'बौद्ध ऋषी' म्हणून राहिले, लिहीत राहिले. १९७९ मध्ये गेले. भक्तांच्या चरित्रग्रंथांत हा भाग घाईघाईनं उरकतात. मला तो त्यांचा सर्वांत माणसासारखा भाग वाटतो. वयाच्या पंचविशीत हद्दपार झालेल्या कवीनं सगळं आयुष्य एका रेषेत जगावं, ही अपेक्षा आपलीच.

१९५१ मध्ये राणाशाही गेली. त्याच वर्षी रेडिओ नेपाल सुरू झाला आणि त्यावर नेपालभाषेतल्या बातम्या येऊ लागल्या. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूत चौथी जागतिक बौद्ध परिषद भरली. भरवण्यात पुढाकार अमृतानंदांचा. या परिषदेला बाबासाहेब आले होते, नागपूरच्या दीक्षेला जेमतेम महिना झाला होता. २० नोव्हेंबरला त्यांनी तिथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यावर भाषण केलं. परतताना कुशीनगर आणि सारनाथ केलं, आणि ६ डिसेंबरला ते गेले. बारा वर्षांपूर्वी ज्या शहरातून भिक्षूंना हाकललं, त्याच शहरात एका गुरूच्या दोन शिष्यांची अशी गाठ पडली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण १९६० मध्ये राजा महेंद्रानं निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं आणि पक्षविरहित पंचायत व्यवस्था आणली. त्या काळाची घोषणा होती, एउटै राजा एउटै देश, एउटै भाषा एउटै भेष. भाषांतराची गरज नाही. १९६५ मध्ये रेडिओ नेपालवरून नेपालभाषा काढून टाकली. बातम्या गेल्या आणि 'जीवन दबू' नावाचा साप्ताहिक साहित्यिक कार्यक्रमही गेला. दबू म्हणजे चौकातला दगडी चबुतरा, ज्यावर नाच-नाटकं होतात. रेडिओवरचा दबू मोडला, तर लोक खऱ्या चौकांत जमू लागले. मोर्चे काढायची सोय नव्हती, पक्षांवर बंदी होती. मग बहालांच्या अंगणात साहित्यसभा. कुणी कविता म्हणायची, कुणी दोन शब्द बोलायचे. कवितेला टाळी पडली, की ती कशाला पडली हे सगळ्यांना कळे, पोलिसांनाही. विक्रम संवत २०२२ सालचं म्हणून हे आंदोलन 'बाइस साल्या' नावानं ओळखलं जातं.

यातल्या पुढच्या फळीत एक भिक्षू होते, सुदर्शन महास्थविर. लेखक, नेपालभाषेचे कार्यकर्ते, कीर्तिपूरच्या श्रीकीर्ती विहाराशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. ज्यांना तुरुंगात टाकलं, त्यांत तेही होते. फरक पाहा. १९२६ मध्ये भिक्षूंना धर्मासाठी हाकललं. १९४४ मध्ये धर्म आणि भाषा दोन्हींसाठी. १९६५ मध्ये भिक्षूच्या धर्माशी सरकारचं काही भांडण उरलेलं नव्हतं, बुद्ध नेपाळात जन्मला याचा तर अभिमानच होता. आता तुरुंग झाला तो निव्वळ भाषेसाठी. चीवर चालत होतं, बोली चालत नव्हती. कीर्तिपूरला हे नवं नव्हतं म्हणा. याच गावानं पृथ्वीनारायण शाहाला चिवट लढत दिली आणि पडल्यावर त्याच्या सैन्यानं गावकऱ्यांची नाकं कापली, ही आठवण तिथे अजून ताजी आहे.

त्याच १९६५ मध्ये काठमांडूत आणखी एक काम उभं राहत होतं, आणि ते बाईनं उभं केलं. धम्मवती गुरुमाँ. ललितपूरच्या शाक्य घरातली ही मुलगी चौदा-पंधराव्या वर्षी घरातून निघून ब्रह्मदेशाला गेली, तिथे त्रिपिटक शिकली, धम्माचरिय ही पदवी घेऊन १९६३ मध्ये परतली. तिनं धर्मकीर्ती विहार काढला. तिथून नेपालभाषेत पुस्तकांमागून पुस्तकं निघाली, बायकांनी लिहिलेली, बायकांनी वाचलेली. सरकारनं रेडिओ बंद केला. विहारातल्या बायकांचं वाचन कसं बंद करणार?

१९९० मध्ये लोकशाही आली, रेडिओवर नेपालभाषाही परतली. नव्या संविधानानं शब्दांची मोठी कसरत केली. नेपाली ही 'राष्ट्रभाषा' आणि बाकीच्या सगळ्या 'राष्ट्रिय भाषा'. एका अक्षराचा फरक, पण कचेरीत पहिलीच चालणार. १९९७ मध्ये काठमांडू महापालिकेनं नेपालीच्या जोडीला नेपालभाषेतही कारभार करायचं ठरवलं, तराईत धनुषा आणि राजबिराजनं मैथिलीत. सर्वोच्च न्यायालयानं १ जून १९९९ ला हे घटनाबाह्य ठरवलं. तो दिवस भाषाकार्यकर्ते काळा दिवस म्हणून पाळतात.

या लढ्याला एक अवघड कोपराही आहे. नेवारांबाहेर मगर, थारू अशा समाजांतले लोक बुद्धाकडे वळू लागले, तेव्हा भिक्षूंपुढे पेच पडला. प्रवचन नेपालभाषेत केलं तर ऐकणार फक्त नेवार. सगळ्यांना कळायचं तर नेपालीत बोलावं लागणार, म्हणजे जिच्या दबावाविरुद्ध गुरूंनी तुरुंग सोसला तीच भाषा. 'सकाय निरुत्तिया'चा अर्थ मगर माणसापुढे काय होतो? त्याची बोली तर तिसरीच. बहुतेकांनी व्यवहार पाहिला आणि दोन्ही भाषांत पुस्तकं काढली. मी त्यांना दोष देणार नाही.

२०१५ च्या संविधानानं नेपाळात बोलल्या जाणाऱ्या सगळ्या मातृभाषांना राष्ट्रभाषा म्हटलं आणि प्रांतांना कामकाजाची भाषा ठरवायची मोकळीक दिली. २०२१ च्या जनगणनेत नेवारांची संख्या सुमारे १३ लाख ४० हजार भरली, आणि नेपालभाषा मातृभाषा म्हणून नोंदवणारे सुमारे ८ लाख ६० हजार. मधले पावणेपाच लाख कुठे गेले, हे काठमांडूतल्या कुठल्याही शाळेच्या दारात उभं राहून मुलांचं बोलणं ऐकलं तर कळतं. २०२४ मध्ये बागमती प्रांतानं, म्हणजे काठमांडू ज्यात येतं त्या प्रांतानं, नेपालीबरोबर तामांग आणि नेपालभाषा या कामकाजाच्या भाषा केल्या. १९०६ मध्ये जो कागद कचेरीच्या दारातून परत फिरला होता, तो आत जायला ११८ वर्षं लागली.